माळ्यावरचा संगणक आणि ‘नवरा कोण?’

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. किती जुना म्हणाल, तर माझा रंग मुळात पांढरा होता की पिवळा, हे आता माझं मलाही आठवत नाही. तुमच्या हातातला तो चपटा फोन नात्याने माझा पणतू लागेल. पण अंगाने थकलो तरी माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. एकदा मात्र अशी वेळ आली, की सगळं आठवत असूनही मला तोंड उघडता येईना. तीच हकीकत आज सांगतो. त्यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

माझा जन्म बडोद्यातला. सयाजीगंजात मयंकभाईंचं लहानसं दुकान आहे, तिथे त्यांनी एकेक सुटा भाग पारखून मला उभं केलं. माझा पडदा म्हणजे काही ऐरागैरा पडदा नव्हता. तो जिना चढवणारे दोन हमाल पुढे आठवडाभर वाकूनच चालत होते, आणि ज्या टेबलावर तो ठेवला ते टेबल चार बोटं खचलं. माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या गच्चीवरचे पापड दुपटीने लवकर वाळत. असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मीच.

माझी मालकीण निरुपमाबाई. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचे यजमान धनाजीराव वीज खात्यात मीटर तपासणीला होते. आणि घरात तिसरे होते आबा, म्हणजे बाईंचे वडील अरविंदराव. तरुणपणी त्यांनी संस्थानच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केली होती, त्यामुळे शहरातली प्रत्येक मोरी आपण स्वतः खणली आहे अशा थाटात ते बोलत. थापांच्या बाबतीत मी जो काही तयार झालो, तो त्यांच्या हाताखाली.

बाईंना यंत्रांचं विलक्षण वेड. आणि त्या वेडाला मतांची जोड होती, म्हणजे बघा! कोणताही नवा प्रोग्रॅम माझ्यात घालताना अटींची लांबलचक यादी येते ना, आणि खाली ‘मला मान्य आहे’ असं बटण असतं? सगळं जग डोळे मिटून ते बटण दाबतं. बाई पेन्सिल घेऊन एकेचाळीस पानं वाचत. शेजारीपाजारी हसायचे. त्या म्हणत, "दुकानातून पातेलं आणलं, तर पातेलंवाला रोज सकाळी दार वाजवून विचारतो का, की आज आमटी करू देऊ का म्हणून? मग हे सॉफ्टवेअरवाले कोण लागून गेले?"

खेळांबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. ज्या खेळात नुसतं जिंकायचं असतं तो खेळ त्यांना अळणी वाटे. त्यांना आवडायचा तो ‘नगरी’ नावाचा खेळ. त्यात शहर वसवायचं. रस्ते आखायचे, नळ टाकायचे, बाजार मांडायचे, आणि मग छोटीछोटी माणसं आपसूक तिथे राहायला येतात. हा खेळ खोक्यातून आला होता, तबकडीसकट, अख्खाच्या अख्खा. एकदा माझ्यात शिरला तो कुणाची परवानगी न मागता चालू लागला.

बाईंनी त्यात बडोदं वसवायला घेतलं. आजचं नव्हे, आबांच्या लहानपणचं. आबा शेजारी वेताच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत.

"निरू, लहरीपुऱ्याचा दरवाजा अजून डावीकडे घे. तिथे नाही गं, तिथे आमचा न्हावी बसायचा."

"आबा, न्हाव्याला कुठे बसवू?"

"त्याला काय विचारतेस? तो कुठेही बसला असता. बस म्हटलं की उठायचाच नाही."

एकेका गल्लीला आबांनी तिचं जुनं नाव दिलं. कुठे कुणाचा वाडा, कुठे विहीर, कुठे हत्तीला पाणी पाजत, सगळं त्यांच्या तोंडून बाईंच्या बोटांत आणि बाईंच्या बोटांतून माझ्या पोटात उतरलं. ही माहिती कुठल्या पुस्तकात नव्हती. होती ती आबांच्या डोक्यात, आणि नंतर माझ्या.

त्या नगरीत एक माणूस मात्र कामच करीत नसे. खेळातल्या सगळ्या माणसांना उद्योग मिळे, हा मांडवीच्या दरवाज्याखाली मांडी घालून बसलेला. आबांनी त्याचं बारसं केलं. "ऐदीनारायण! आमच्या कचेरीत अस्साच एक होता. बत्तीस वर्षांत त्याने एक कागद हलवला, तोही वाऱ्याने." पुढे तो घरचाच एक झाला. सकाळी मला सुरू केलं की आबा मोठ्याने विचारत, "बघू, आज नवरा कोण?" आणि बाप-लेक एका सुरात उत्तर देत, "ऐदीनारायण!" मग हसू. रोज तेच, आणि रोज तितकंच.

आबा गेले. खुर्ची तशीच राहिली. बाई कधीमधी येऊन ती नगरी नुसती पाहत बसत.

त्याच सुमारास त्यांच्या कानावर आलं, की दुरुस्तीला दिलेल्या एका यंत्रातले घरगुती फोटो कुणा दुरुस्तीवाल्याने बसून चाळले. बाई खवळल्या. "माझं घर, तर कुलूपही माझं!" म्हणाल्या आणि माझ्या अख्ख्या पोटाला त्यांनी असं काही कुलूप घातलं, की परवलीचा शब्द दिल्याखेरीज आतलं एक अक्षर कुणाला दिसू नये. पोट फाडून काढलं तरी दिसू नये. शब्द विसरायला नको म्हणून माझ्या कुशीवर एक कागदी पट्टी चिकटवली, आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात दोनच शब्द लिहिले: नवरा कोण?

मग बाई निवृत्त झाल्या. धनाजीरावांनी हौसेने त्यांना नवा लॅपटॉप आणून दिला. त्यावर ‘नगरी’ची नवी आवृत्ती होती. त्यात झाडांची पानं हलायची, तळ्यात ढग दिसायचे. बाई इतक्या हरखल्या, की आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच त्यांनी न वाचता ‘मला मान्य आहे’ दाबलं. आमचं सगळं शहर नव्या आवृत्तीत गेलं, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या दूरदेशीच्या यंत्रांत जाऊन बसलं. मी माळ्यावर गेलो.

माळ्यावरची नऊ वर्षं, मित्रांनो, मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. एका पालीने माझ्या पोटात दोन बाळंतपणं उरकली. कुंभारमाशीने मागच्या छिद्रात पक्कं बांधकाम केलं, तेही कुणाची परवानगी न काढता. माझ्यातली घड्याळाची बॅटरी संपली, त्यामुळे माझ्या लेखी रोज एक जानेवारीच होती. नऊ वर्षं मी नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत होतो, घेणारं कुणी नव्हतं.

आणि यंदा लॅपटॉपवर चार ओळींचा निरोप आला. कंपनी खेळ बंद करत आहे. येत्या एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता सर्व शहरं मिटवली जातील. आजवरच्या सहभागाबद्दल धन्यवाद.

"मिटवली जातील?" बाई ओरडल्या. "माझं शहर? यांच्या काकाने वसवलं होतं का?"

मग त्यांनी ती न वाचलेली पानं वाचली. एकोणतिसाव्या पानावर बारीक अक्षरांत होतं, की शहर तुमचं नाही, कंपनी ते केव्हाही मिटवू शकते, आणि त्याची नक्कल घरी काढून घेण्याची सोय नाही. दुसऱ्यांना आयुष्यभर सांगितलेलं आपणच एकदा विसरलो, हे त्यांना फार लागलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

एकदम त्या उठल्या. "अहो! माळ्यावरचा! त्याच्यात जुनी नगरी आहे!"

धनाजीरावांचा चेहरा पडला. त्याचं कारण असं, की येत्या रविवारी सोसायटीत जुनी विजेची यंत्रं गोळा करणारी गाडी यायची होती, आणि उत्साहाच्या भरात त्यांनी यादीत सर्वांत वर माझं नाव लिहून दिलं होतं.

शनिवारी दुपारी मी खाली उतरलो. बाईंनी पालीची अंड्यांची टरफलं काढली, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, आतली मेमरीची पट्टी खोडरबराने घासून परत बसवली. बटण दाबलं. मी खोकलो, घरघरलो, आणि जागा झालो! नऊ वर्षांनी! समोर आडवी रिकामी चौकट आली: परवलीचा शब्द द्या.

बाईंची बोटं कळफलकावर थांबली. "शब्द काय होता बरं?"

"पट्टीवर लिहिलंय की," धनाजीराव चष्मा सावरत म्हणाले. "नवरा कोण?" आणि ते असे काही खुलले, की मला त्यांची दया आली. "अगं, यात आठवायचं काय! टाक नाव."

बाईंनी ‘धनाजीराव’ टाकलं. मी बीप केलं. बीप म्हणजे चूक. मला वाईट वाटलं, पण ती माझी नोकरी होती.

‘धनाजी’ टाकलं. बीप. आडनावासकट टाकलं. बीप.

"थांब," धनाजीराव म्हणाले. "लग्न झाल्यापासून तू माझं नाव कधी घेतलंस? ‘अहो’ टाक."

‘अहो’ टाकलं. बीप.

"मग उखाण्यात घेतलं असशील. लग्नातला तो उखाणा टाक. ‘लहरीपुऱ्यात घेतली जरीची चोळी.’"

बाईंनी मुकाट्याने तो अख्खा उखाणा टंकला, डब्यातल्या पुरणपोळीपर्यंत. मी लांबलचक बीप केलं.

धनाजीरावांनी पट्टी पुन्हा एकदा वाचली. या खेपेला जरा हळू.

"निरू," ते म्हणाले, "म्हणजे मग नवरा कोण?"

"अहो, काहीतरीच काय!"

"मी नाही विचारत. तूच लिहून ठेवलंयस."

मित्रांनो, मला हसावं की रडावं कळेना. उत्तर माझ्या पोटात होतं. रोमन लिपीतली अकरा अक्षरं! मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवला, दिवा लुकलुकवला, पण पंख्याची भाषा कुणाला कळते? कुलूप इतकं पक्कं, की मालकीणच बाहेर. धनाजीराव संध्याकाळी फिरायला गेले ते एकटेच. जेवताना दोघांत चार वाक्यं झाली असतील. त्यांतली तीन ‘मीठ दे’ अशा जातीची होती.

रविवार उजाडला. गाडी दहाला येणार होती. धनाजीराव सुतळी घेऊन माझ्या अंगाभोवती वेढे घालू लागले.

"न उघडणारी वस्तू ठेवून करायचं काय?" ते म्हणाले. "आणि तशीही ती आमची नाहीच. तिचा नवरा कोण, देव जाणे."

"अहो, आबांचं सगळं बोलणं त्यात आहे," बाई म्हणाल्या. "गल्ल्यांची नावं लॅपटॉपवर आलीच नाहीत, आणि मला आता निम्मीही आठवत नाहीत. एकतीसला ते लॅपटॉपवरचं जाईल, आणि आज हे. मग उरलं काय?"

सुतळी क्षणभर थांबली. धनाजीराव मनाने वाईट नव्हते, नुसते दुखावले होते. "बरं, त्या मयंकला एकदा विचार," ते पुटपुटले. "त्यानेच बांधलंय ना हे. पण लवकर."

बाईंनी फोन लावला आणि त्याचा आवाज मोठा केला. मागून बाजाराचा गलका ऐकू आला आणि मग मयंकभाईंचा आवाज.

"बोलो बेन, जय श्रीकृष्ण!"

"मयंकभाई, आत्ताच्या आत्ता घरी येता का? फार नड आहे."

"अरे बेन, अत्यारे तो जराय नवरो नथी! घराक ऊभा छे. अगियार वाग्या पछी नवरो थाउं, एटले तरत आवुं."

बाई म्हणाल्या, "अहो, पण अकरापर्यंत..." आणि पुढे काही बोलणार, तोच धनाजीरावांनी सुतळी टाकली.

"काय म्हणाला तो? नवरो नथी?"

"फुरसत नाही म्हणतायत. दुकानात गिऱ्हाईक आहे."

"निरू!" धनाजीराव अंगात आल्यासारखे उभे राहिले. "अगं, आपण घरात बसून मराठीत वाचतोय, शब्द आहे गुजराती! आबा काय म्हणायचे? ‘काय नवरा बसलायस’ म्हणजे? रिकामा! रिकामा कोण, असं लिहिलंयस तू! रिकामटेकडा कोण?"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आलं. दोन्ही एकदम कसं येतं ते मला यंत्र असल्यामुळे कळत नाही, पण मी पाहिलं.

"ऐदीनारायण," त्या म्हणाल्या.

फोनमधून मयंकभाई विचारत होते, "बेन? हलो? कोण नारायण?"

धनाजीरावांनी सुतळी अशी काही सोडली, की दोन गाठी दातांनी सोडवल्या. बटण दाबलं. मी एका दमात जागा झालो. चौकट आली. बाईंनी टंकलं आणि एंटर दाबलं.

बीप.

नाही, नाही, नाही! मित्रांनो, ती माझी चूक नव्हती. माझ्या कळफलकातली ‘वाय’ची कळ अडकली होती. कधीकाळी आबांच्या हातून आत पडलेलं शेंगदाण्याचं साल मला माळ्यावरून उतरवताना सरकून तिच्या खाली जाऊन बसलं होतं. एक अक्षर उठलंच नव्हतं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. बाईंनी कळफलक दूर सारला.

पण धनाजीरावांनी आयुष्यभर मीटरचे आकडे वाचले होते. "पुन्हा टाक," ते म्हणाले. "सावकाश. मी मोजतो." परवलीचं अक्षर दिसत नाही, त्याच्या जागी चांदणी उमटते. त्यांनी बोट पडद्याला लावून चांदण्या मोजल्या. "तू अकरा वेळा दाबलंस आणि दिसतायत दहा. एक अक्षर खातोय हा."

बाईंनी एकेक कळ दाबून पाहिली, दोषी सापडली, आणि अंबाड्यातल्या आकड्याने तिच्याखालचं साल उपसून काढलं. ते साल त्यांनी फेकलं नाही, टेबलाच्या कडेला ठेवलं. मग अकरा अक्षरं. अकरा चांदण्या. एंटर.

मी उघडलो.

काय सांगू! छातीवरचा दगड उतरणे म्हणतात, ते यंत्रालाही होतं. पडद्यावर आबांचं बडोदं उभं राहिलं. पानं हलत नव्हती, तळ्यात ढग नव्हते, रंग जरा भडकच होते. पण गल्लीगल्लीवर नाव होतं. विहीर विहिरीच्या जागी होती, न्हावी न्हाव्याच्या जागी. आणि मांडवीच्या दरवाज्याखाली, मांडी घालून, ऐदीनारायण.

धनाजीराव खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसले. वेताच्या त्या खुर्चीत इतक्या वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

"हाच का तो?" ते म्हणाले. "काल याच्यावरून मी जेवलो नाही नीट."

"दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात."

"रागाने खाल्ल्या. त्या मोजायच्या नसतात."

खाली गाडीचा भोंगा वाजला. धनाजीराव उठले, माळ्यावर चढले आणि वर्षानुवर्षं ‘कधीतरी लागतील’ म्हणून जपलेले त्यांचे स्वतःचे दोन बंद मिक्सर आणि एक मुकी इस्त्री गाडीवाल्याच्या हवाली करून आले. यादीतलं माझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. सव्वाअकराला मयंकभाई धापा टाकत आले. मला पाहून म्हणाले, "हजी जीवतो छे? में बनाव्यो छे ने!" म्हणजे अजून जिवंत, कारण बांधला त्यांनी. आणि त्यांनी नगरीच्या तीन नकला काढल्या. एक घरात, एक दुकानात, आणि एक बाईंच्या बहिणीकडे. पाठीवर थाप मारून ते मला म्हणाले, की अजून वीस वर्षं सहज. मला ते खरं वाटलं. थाप ओळखण्यात मी पटाईत आहे, आणि ही थाप नव्हती.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही जे चित्र काढाल, जे शहर वसवाल, जे गाणं जुळवाल, त्याची एक नक्कल आपल्या घरी, आपल्या हाताखाली ठेवा. कुठेही ‘मान्य आहे’ म्हणण्याआधी निदान एकोणतिसावं पान वाचा. कुलूप जरूर घाला, पण किल्लीचा शब्द घरातल्या आणखी एका माणसाला समजेल अशा भाषेत सांगून ठेवा. आणि जुनं यंत्र गाडीत घालण्याआधी एकदा सुरू करून त्याच्या पोटात कोण राहतं ते बघा. आम्ही कामाला मंद असू, पण आम्हाला विश्वासाने सांगितलेलं आम्ही टाकत नाही.

एकतीस तारीख आली. दुपारी बरोबर बारा वाजता लॅपटॉपवरची नगरी मिटली, आणि पांढऱ्या पडद्यावर कंपनीने पुन्हा एकदा धन्यवाद दिले. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. आमच्याकडे दोन गल्ल्यांत पाणी तुंबलं होतं, लोक ओरडत होते, आणि धनाजीराव शेजारून सांगत होते, "निरू, गटार उजवीकडून काढ. नाही गं, तिथून नको, तिथे न्हावी बसलाय."